उतरत्या प्लॉटवर घर: आधी नळी धरा, मग नकाशा काढा

पत्र असं आहे:

‘काका, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आम्ही ४० बाय ६० फुटांचा प्लॉट घेतला आहे. रस्ता वरच्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला. तिथून जमीन मागं उत्तरेकडं उतरत जाते. नुसतं बघून उतार फारसा वाटत नाही, पण मिस्त्रींनी दोरी धरली तेव्हा मागच्या कोपऱ्यात पाच फूट फरक निघाला. ते म्हणतात, मागं भिंत घाला, सगळा प्लॉट रस्त्याच्या लेव्हलला भरून घ्या, मग सपाटीवर घर बांधू. धाकटे दीर म्हणतात, जेसीबीनं वरचा भाग खणा आणि तीच माती खाली लोटा, फुकटात सपाट होईल. खालच्या प्लॉटच्या आजी आत्ताच सांगून गेल्या, की तुमचं पाणी आमच्या परड्यात येता कामा नये. सासूबाईंना वेगळीच काळजी, उताराच्या जागेला दोष असतो म्हणतात. आम्हा दोघांचा पीएफ यात जाणार आहे. पाया नेमका कसा घ्यायचा? — एक शिक्षिका, सातारा’

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘दोघांचा पीएफ’ या शब्दांपाशी थांबलो. त्या पैशातला प्रत्येक रुपया जमिनीत गाडताना तो नेमका कुठं चाललाय हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे साठ फुटांत पाच फूट, म्हणजे बारा फुटांना एक फूट, हा सौम्य उतार आहे. घाबरायचं कारण नाही. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला डोंगर खाली आले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून उतार म्हटलं की माणसं धास्तावतात, आणि ते साहजिक आहे. पण ते उभे डोंगरउतार होते, त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्या प्लॉटवर डोंगर खाली यायचा नाही. तिथला आणि तुमच्या इथला धागा एकच आहे, मातीत मुरलेलं आणि बाहेर पडायला वाट न मिळालेलं पाणी. तेवढं लक्षात ठेवा. खरं तर मला सपाट प्लॉटपेक्षा असा प्लॉट आवडतो. सपाट जागेवर पाणी कुठं काढायचं हाच यक्षप्रश्न असतो, तुमच्याकडं ते आपणहून जायला तयार आहे. कास तलावाचं पाणी शहरात येतं ते उताराच्याच जिवावर.

आता मिस्त्रींच्या सल्ल्याचा हिशेब करू. तुम्ही शिक्षिका आहात, माझं गणित तपासून घ्या. प्लॉट २४०० चौरस फूट. रस्त्याकडं भराव शून्य, मागं पाच फूट, म्हणजे सरासरी अडीच फूट. झाले ६००० घनफूट, म्हणजे ६० ब्रास मुरूम. त्यावर घराचं जोतं दीड फूट. घर ३० बाय ४० धरलं, तर आणखी १८ ब्रास. एकूण ७८. आणि हा कुटून बसवलेला मुरूम झाला. ट्रकमधून येतो तो सैल, कुटल्यावर त्याचा पाचवा हिस्सा तरी कमी भरतो. म्हणजे शंभराच्या जवळपास ब्रास मुरूम तुम्ही विकत घेणार, आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घराखाली नाही, तर अंगणाखाली आणि मागच्या मोकळ्या जागेत जाणार.

शिवाय मागची भिंत. पाच फूट म्हणजे दीड मीटर उंच. तिच्यामागं पावसाळ्यात पाणी तुंबलं, तर नुसत्या पाण्याचा रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सव्वा टनाला थोडा कमी बसतो. चाळीस फूट भिंतीवर तो तेरा-चौदा टन होतो. मातीचा रेटा यात धरलेलाच नाही. मिस्त्री नऊ इंची विटेची भिंत घालणार असतील, तर ती आजींच्या परड्यात जाऊन पडेल, पाण्याचं तर सोडाच. एवढ्या उंचीला दगडी भिंत घालायची, तर तिची तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त लागते. नाहीतर सळई घालून आरसीसीची भिंत. म्हणजे घर सुरू व्हायच्या आधीच मोठा खर्च झाला, आणि तो झाला फक्त सपाट दिसावं म्हणून.

दिरांचा सल्ला फुकटाचा वाटतो, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. वरची माती काढून खाली लोटली की अर्धं घर खणलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धं भुसभुशीत भरावावर येतं. घट्ट बाजू जागची हलत नाही आणि भुसभुशीत बाजू दरसाल थोडी थोडी खाली बसते. जिथं दोन्ही मिळतात तिथं घर चिरतं. भिंतीवर चढत गेलेली तिरकी भेग तुम्ही पाहिली असेल, वरून पुट्टी मारली तरी दिवाळीनंतर परत डोकावते. ती बहुतेक वेळा अशीच आलेली असते. त्यात वरच्या अंगाला काळी माती असली आणि तीच खाली लोटली, तर विचारूच नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती भरावाला कधीच वापरू नये.

भरावाचं मी एवढं जिवाला लावून का लिहितो, ते सांगतो. माझ्या सख्ख्या भावाचं घर कोरेगावच्या बाजूला, अशाच उतरत्या जागेवर. पाया मीच बघितला होता, कॉलम सगळे मुरमात नेले होते, आजही ते तसूभर हललेले नाहीत. पण जोत्यात भराव टाकायच्या आठवड्यात मी दुसऱ्या साइटवर होतो. ठेकेदाराने दोन दिवसांत ट्रकवर ट्रक ओतले, वरून पाण्याचा टँकर सोडला आणि ‘बसलं’ म्हणून सांगितलं. दुसऱ्या पावसाळ्यात वहिनींनी बोलावलं. स्वयंपाकघरात भिंतीकडची फरशी आणि स्कर्टिंग यांच्यामध्ये फट पडली होती. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग बोट जाईल एवढी, आणि त्यातून मुंग्यांची रांग आत-बाहेर करत होती. मी चमच्याच्या दांड्यानं फरशी वाजवत गेलो. खोलीच्या मधोमध टणक आवाज, आणि उतरत्या बाजूच्या भिंतीकडं सरकलो की बद्द, पोकळ. तिथली एक फरशी उचलली तर खाली चार बोटं हवा. काँक्रीटचा थर अधांतरी, त्याखाली काळ्या मातीची ढेकळं, झाडाची मुळं आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. घर पडणार नव्हतं, पण त्या माउलीनं सगळं स्वयंपाकघर दोन महिने पडवीत मांडलं. त्या आठवड्यात मी तिथं उभा असायला हवं होतं, ही चूक माझी आहे. तुमच्या घरी ती होऊ नये.

तर मग करायचं काय? घर पायऱ्यापायऱ्यांनी उताराला बसवायचं. आपल्या जावळी-पाटणच्या शेतकऱ्यानं हेच केलंय. त्यानं अख्खं रान कधी एका लेव्हलला आणलं नाही. उतार जसा आहे तशा ताली घातल्या, प्रत्येक तुकडा तेवढ्यापुरता सपाट केला आणि प्रत्येक तालीला पाणी जायला सांडवा ठेवला. सांडवा नसलेली ताल पहिल्या मोठ्या पावसात फुटते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. घरालाही हाच न्याय.

तुमच्या घराचं तसंच करून बघू. नियमाची अंतरं सोडून ३० बाय ४० फूट घर, रस्त्यापासून दहा फूट आत, लांबी उताराच्या दिशेनं. जोतं रस्त्यापेक्षा दीड फूट वर हवं. दर डांबरीकरणाला रस्ता वाढतो, त्यामुळं त्याहून कमी ठेवू नका. सगळं घर एकाच लेव्हलला घेतलं, तर पुढं जोत्याची उंची जमिनीपासून दोन फूट चार इंच येते आणि मागं पाच फूट आठ इंच. भराव ४८ ब्रास. हेच घर मधोमध तोडून मागचा भाग दोन फूट खाली घेतला, म्हणजे सहा-सहा इंचाच्या चार पायऱ्या, तर भराव ३६ ब्रासवर येतो आणि मागची उंची तीन फूट आठ इंचांवर. मागच्या बाजूला वेगळी मोठी भिंत लागत नाही, घराचं जोतंच ते काम करतं. अंगण आहे तसं उतरतं राहू द्या. कुठं दगडी बांध, कुठं दोन पायऱ्या, कडेनं फुलझाडं. मिस्त्रींच्या ७८ ब्रासशी हे ताडून बघा.

घरात चार पायऱ्या म्हटलं की सासूबाईंचे गुडघे आठवणार, आणि आठवायलाच हवेत. म्हणून खोल्या अशा वाटा की त्यांची खोली, देवघर, स्वयंपाकघर, बसायची खोली आणि एक संडास-बाथरूम, हे सगळं वरच्या लेव्हलला, रस्त्याकडून उंबरा ओलांडून सरळ आत. मुलांची खोली आणि तुमची खोली खालच्या लेव्हलला. पायरीला सहा इंचांहून जास्त चढ देऊ नका आणि एका बाजूला कठडा बसवा. घरातल्या वयस्कर माणसाला दिवसातून एकदाही त्या चार पायऱ्या उतरायची गरज पडू नये, अशी रचना जमते. मी ती बऱ्याच घरांत केली आहे. ती जमत नसेल तर माझं मत बदलतं. मग सगळं घर एका लेव्हलला घ्या आणि १२ ब्रास मुरमाचा खर्च सोसा. गुडघ्यांपेक्षा मुरूम स्वस्त आहे.

वास्तूचं म्हणाल, तर सासूबाईंना निश्चिंत राहायला सांगा. उत्तरेकडं आणि पूर्वेकडं उतरती जागा आपल्याकडं चांगलीच मानतात. तुमची उत्तरेलाच उतरते. पाण्याची टाकी ईशान्येला हवी असं त्या म्हणतील. ती जागा तुमच्याकडं खालच्या अंगाला येते, सोयीचीच आहे. फक्त एक पथ्य पाळा. टाकीचा तळ जवळच्या फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीच्या, तळापेक्षा जितका खोल जाईल, त्याच्या किमान दुप्पट आडवं अंतर दोघांत ठेवा. दोन फूट खोल, तर चार फूट लांब. नाहीतर टाकीसाठी खणताना पायाखालची जमीनच मोकळी होते.

आता मूळ प्रश्न, पाया. याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे, म्हणून आधी खड्डे घ्या. वर एक, मध्ये एक, खाली एक. पाच-सहा फूट खोल, माणूस उतरून बघू शकेल एवढे. आत उतरताना कडा ढासळणार नाहीत याची काळजी घ्या. आपल्याकडं सगळा काळ्या कातळाचा मुलूख. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर तयार झाला. त्यामुळं किल्ल्याच्या पायथ्याला बहुतेकदा असं दिसतं, की वरच्या खड्ड्यात दोन फुटांवरच मुरूम लागतो, आणि खालच्या खड्ड्यात चार-पाच फूट नुसती माती. वर्षानुवर्षं पावसानं वरून धुऊन आणून टाकलेली. खड्ड्याच्या भिंतीकडं नीट बघा. काळी माती कुठं संपते, पिवळसर मुरूम कुठं सुरू होतो, मध्येच तांबडा पट्टा दिसतो का? तांबड्या थरावर पाणी थांबतं आणि त्याच्यावरून पाझरत येतं. प्रत्येक खड्ड्याचा फूटपट्टी लावून फोटो काढा. पावसाळ्यानंतर लगेच खड्डे घेतले आणि एखाद्यात रात्रीतून पाणी साचलं, तर तो फोटो सगळ्यात महत्त्वाचा.

नियम असा, की सगळी फुटिंगं एकाच प्रकारच्या थरावर बसली पाहिजेत, मग खोली वेगवेगळी आली तरी चालेल. चार फुटिंगं मुरमात आणि दोन काळ्या मातीत, हे चालणार नाही. भरावावर तर एकही नाही. भराव कितीही कुटलेला असो, तो फरशीखाली घालायचा असतो, कॉलमखाली नाही. शेजारशेजारच्या दोन फुटिंगांच्या खोलीत फरक येणार असेल, तर तिथंही तो एकास दोनचाच हिशेब. एक फूट खोलीच्या फरकाला किमान दोन फूट आडवं अंतर. आणि खालच्या अंगाला जिथं जमीन उतरत जाते, तिथं फुटिंगच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत मातीत किमान ९० सेंटिमीटर आडवं अंतर राहिलं पाहिजे, खडक असेल तर ६०. भारतीय मानकातच हे लिहिलेलं आहे, इंजिनिअरला दाखवायला सांगा. सौम्य उतारावर ते सहज मिळतं. फक्त पुढं कधी अंगणासाठी म्हणून पायाशेजारची माती कुणी खणू नये.

खालच्या खड्ड्यात पाच-सहा फुटांवरही काळी मातीच लागली, तर तिथं खोल उघडी खोदाई करण्यापेक्षा खाली फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं (सीबीआरआय) फुगणाऱ्या मातीसाठीच ही पद्धत विकसित केली. साधारण साडेतीन मीटर खाली गेलं की पावसाळ्या-उन्हाळ्याचा खेळ तिथंपर्यंत पोचत नाही. पण ते तुमच्यावर यायची शक्यता कमी वाटते. खड्डे बोलतील.

इथं एक गोष्ट आहे जी मिस्त्री सांगणार नाहीत, आणि घाईतला इंजिनिअरही विसरतो. वरच्या अंगाला मुरूम लवकर लागल्यानं तिथले कॉलम पायापासून जोत्यापर्यंत आखूड येतात, समजा चार फूट. खालच्या अंगाला ते आठ-नऊ फूट. बघायला वाटतं, आखूड कॉलम म्हणजे मजबूत, त्याला काय होतंय. भूकंपात नेमकं उलटं होतं. निम्म्या उंचीचा कॉलम आठपट ताठ असतो. जमीन हलली की उंच कॉलम थोडा लवतो, आखूड लवत नाही, म्हणून सगळा हिसका तो एकटा अंगावर घेतो आणि तिरका चिरून मोडतो. हातभर उसाचं कांडं आणि उभा ऊस, दोन्ही एकदा वाकवून बघा.

आपण साताऱ्याचे आहोत, आपल्याला हे विसरून चालणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा पडली ती बहुतेक दगड-मातीची घरं होती. आज आपण सगळे आरसीसीत राहतो आणि त्यामुळं निर्धास्त आहोत. पण आरसीसी काही मंत्र नाही. कोयनेच्या परिसरात लहानमोठे धक्के अजून येतात. म्हणून इंजिनिअरला स्पष्ट विचारा, ‘साहेब, वरच्या आखूड कॉलमचं काय केलंत?’ उत्तरात रिंगांचा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळयांना वेढून बांधलेल्या कड्यांचा, विषय यायला हवा. अशा कॉलमला पायापासून जोत्यापर्यंत पूर्ण उंचीभर जवळजवळ रिंगा लागतात, साधारण चार इंचांवर, आणि रिंगेची टोकं आत वळवून १३५ अंशांत दाबलेली. वर-खाली चार रिंगा जवळ आणि मध्ये मोकळं, हे इथं चालत नाही. शिवाय जोत्याच्या लेव्हलला सगळे कॉलम एकमेकांना बीमनं बांधलेले हवेत. खालच्या अंगाच्या उंच कॉलमना जमिनीलगत आणखी एक टाय बीम हवा. घर मधोमध दोन फूट तुटतं, तिथं दोन लेव्हलचे बीम एकाच कॉलमला वेगवेगळ्या उंचीवर येतात. त्यांच्यामधला कॉलमचा दोन फुटांचा तुकडासुद्धा आखूड कॉलमच असतो. तिथल्या रिंगा तुम्ही स्वतः मोजा. काँक्रीट पडल्यावर मोजता येत नाहीत.

पाण्याकडं येतो. सर्वांत आधी रस्त्याचं पाणी. वरून येणारं पाणी घराच्या पुढच्या जोत्यावर आदळायच्या आधी वळवायला हवं. प्लॉटच्या वरच्या हद्दीला आडवी चर घ्या, फूटभर रुंद, तळ पक्का, आणि दोन्ही बाजूंनी प्लॉटच्या कडेकडेनं ती खाली उतरवा. जोत्याच्या बाहेर तीन फुटांची पट्टी घराकडून बाहेर उतरती करा. कुठंही काँक्रीटचा ढाळ जोत्याकडं नको. मग छपराचं पाणी. तुमचं छप्पर १२०० चौरस फुटांचं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्यावरून साडेपाच हजार लिटर पाणी खाली येतं. ते पन्हाळीतून नुसतं मागं सोडून दिलं, की थेट आजींच्या दारात. त्यामुळं सगळे पाइप एका ठिकाणी आणा, टाकी भरून घ्या, आणि उरलेलं नगरपालिकेच्या गटाराला. आता गटार कुठं आहे ते बघा. वर रस्त्यालाच असेल आणि मागं काहीच नसेल, तर खालच्या लेव्हलच्या संडास-बाथरूमचं सांडपाणी उलटं वर चढणार नाही. ही गोष्ट नकाशा मंजूर झाल्यावर लक्षात आलेली घरं मी पाहिली आहेत. खालच्या लेव्हलला संडास घ्यायचा की नाही, हे यावरून ठरवा. सेप्टिक टँक घ्यावा लागला तर खालच्या अंगाला, मूळ जमिनीत, पायापासून लांब.

अंगणातला दगडी बांध अडीच-तीन फुटांचा असला, तरी त्यात दर चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइपची भोकं ठेवा आणि मागं फूटभर जाड खडी भरा, म्हणजे माती वाहून येऊन भोकं बुजणार नाहीत.

भराव कसा टाकायचा, ते मिस्त्रींना वाचून दाखवा. आधी जोत्यातली वरची काळी माती, गवत, मुळं काढून टाकायची. मूळ जमीन तिरकी आहे तशी ठेवून वर मुरूम ओतायचा नाही, ओरबाडून लहान पायऱ्या करून घ्यायच्या, म्हणजे भराव घसरत नाही. मग सहा इंचांचा थर, पाणी, धुमस किंवा भाड्यानं मिळणारं कुटाईचं मशीन, आणि तो घट्ट झाला की पुढचा थर. चार फूट भरावाला असे आठ थर होतात, घाईनं नाही होत. प्रत्येक थरावर १२ मिमीची सळई हातानं रेटून बघा. सहज आत गेली तर परत कुटायला सांगा. पक्की चाचणी प्रयोगशाळेतून करून घेता येते, पण ही सळईसुद्धा खूप काही सांगते. ओतून पाणी सोडणं म्हणजे कुटणं नव्हे, हे मी वहिनींच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून शिकलो.

वेळेचं गणित असं. खड्डे आणि लेव्हल दसऱ्यापर्यंत, खोदाई दिवाळीनंतर, जोतं वळवाच्या आधी. जमलं तर जोत्यातल्या भरावाला एक पावसाळा अंगावर घेऊ द्या आणि फरशी सर्वांत शेवटी घाला.

आखणीच्या दिवशी एक बारकावा. उतारावर टेप जमिनीला टेकवून मोजायचा नाही. साठ फुटांच्या तिरक्या मापात अडीच इंचांचा फरक पडतो, आणि मग कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात, येत नाहीत, चार लोक डोकं खाजवत बसतात. टेप आडवा, पाणसळ लावून ताठ धरायचा आणि खालच्या टोकाला ओळंबा सोडायचा.

सगळ्यात आधीचं काम मात्र येत्या रविवारी तुम्ही घरच्या घरी करू शकता. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणा, तीस-पस्तीस फूट. पाणी भरून बुडबुडे पूर्ण जाऊ द्या. एक टोक रस्त्याकडच्या खुंटीला, दुसरं हातातल्या काठीला. प्लॉटवर दर दहा फुटांवर खूण करा, आडव्या पाच आणि उभ्या सात, अशा ३५ खुणा होतात. जिथं नळी पोचत नाही तिथं मधल्या खुणेवरून पुढं जा. प्रत्येक खुणेला पाण्याची रेघ जमिनीपासून किती वर येते ते चौकटीच्या वहीत त्याच जागी लिहा. तुमच्या पाच फुटांचा उतार सरळ आहे की मध्ये खोलगट, पूर्वेकडंही थोडा झुकतो का, सगळं त्या एका पानावर दिसेल. खोलगट भाग म्हणजे पाण्याची जुनी वाट. तिच्यावर घराचा कोपरा आणू नका.

ते पान घेऊन खालच्या आजींकडं जा, खोदाईच्या आधी. त्यांना बोटानं दाखवा, पाणी आत्ता कुठून येतं आणि तुम्ही ते कुठून नेणार आहात. त्यांनाही विचारा, मोठ्या पावसात त्यांच्या परड्यात कुठून शिरतं. किती वर्षं त्या तिथं राहताहेत, ३५ खुणांत न सापडणारी गोष्ट त्यांच्याकडून कळेल.

नळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागेल. मुलांना घ्या, त्यांना मजा येईल. वहीचं पान आणि तिन्ही खड्ड्यांचे फोटो मला पाठवा, लेव्हल कुठं तोडायची ते मी कळवीन. कॉलमची आणि फुटिंगची मापं मात्र मी पत्रातून सांगणार नाही. त्यासाठी खड्ड्यात उतरून मुरूम हातात घेणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, आणि फुटिंगचा खड्डा तयार झाल्यावर पीसीसी, म्हणजे तळाचं बिनसळईचं काँक्रीट, पडायच्या आधी तो स्वतः येऊन बघेल, असं ठरवताना त्याच्याकडून लिहूनच घ्या.